नानासाहेब आले

“जिथं पगार नाही तिथं राजीनामाही देता येत नाही. एवढं लक्षात ठेव,” आई म्हणाल्या.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. जिल्हा परिषदेच्या शाळेत हयात घालवून नुकत्याच निवृत्त झालेल्या, त्यामुळे साधं बोलणंही फळ्यावर लिहिल्यासारखं करायच्या. मी जुईच्या पिशवीत लंगोट, झबली, मऊ भाताचा डबा कोंबत होते.

“आई, पोपटांना दाणे घालायला जातेय. त्यात कसला राजीनामा?”

“दाणे तू घालशील. जागा कुणाची आहे? कुलपाची किल्ली कुणाकडे असते?”

“मी काय किल्ली बघायला चाललेय का?”

“ते आधी बघायचं असतं, ऋजुता. नंतर बघितलं की भांडण होतं.”

खाली विश्वजितने, माझ्या नवऱ्याने, गाडीचा हॉर्न वाजवला. मी हसून विषय टाळला, जुईला कडेवर घेतलं आणि जिना उतरले.

जुई तेव्हा वर्षाची होती. आता ती माझ्या खांद्याला लागते आणि प्रत्येक गोष्टीवर वाद घालते. मध्ये एवढी वर्षं गेली, पण तो राग अजून गेलेला नाही. लोक म्हणतात, राग मुरला की शहाणपण येतं. माझा मुरतच नाही.

पोपटांना सांभाळून पुन्हा रानात सोडायचं ते केंद्र तासगावच्या बाहेर होतं, द्राक्षबागांच्या मधोमध. हेमंत खराडे नावाचे खतं-औषधांचे मोठे दुकानदार होते, सगळे त्यांना हेमंतदादा म्हणायचे. त्यांच्या गोदामामागे लांबच लांब, उंच जाळीची एक खोली उभी केली होती. आत आडव्या फांद्या, दोन्ही बाजूंना हिरवं शेडनेट. त्या चैत्रातल्या जत्रेत वनखात्याने भविष्य सांगणाऱ्यांचे आणि विकणाऱ्यांचे पोपट जप्त केले होते, ते इथे आणून ठेवले होते. सगळ्यांचे पंख कात्रीने छाटलेले. काहींच्या छातीवर पिसंच नव्हती, स्वतःच उपटून काढलेली.

“आत गेल्यावर एक शब्द बोलायचा नाही,” डॉक्टर शमा बागवान यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. त्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात होत्या आणि सुट्टीचा दिवस इथे घालवायच्या. “कुजबूजसुद्धा नाही. शीळ नाही. चुकचुकणं नाही.”

माझ्याबरोबर नव्याने आलेले दुसरे स्वयंसेवक म्हणजे साळुंखे काका. एसटीतले निवृत्त कंडक्टर. त्यांनी हात वर केला, वर्गात करतात तसा.

“मॅडम, आख्खी नोकरी ‘पुढं सरका, पुढं सरका’ करण्यात गेली. मला बोलल्याबिगर जमायचं कसं?”

“जमेल.”

“आन् खोकला आला तर?”

“बाहेर येऊन खोका.”

“शिंक?”

“काका!”

“न्हाई, इच्यारून घेतलेलं बरं.”

डॉक्टर हसल्या, मग हसू पुसून म्हणाल्या, “पंखांची काळजी करू नका. पावसाळ्यानंतर जुनी पिसं झडतील, नवी येतील. ते त्यांचं तेच होतं. आपलं काम वेगळं आहे. हे पोपट माणसाचा आवाज ऐकला की खाली येतात. असा पोपट सोडला तर संध्याकाळच्या आत कुणाच्या तरी टोपलीखाली असतो. त्यामुळे आपण त्यांना आवडलो नाही पाहिजे. त्यांनी आपल्याला विसरलं पाहिजे. बास, एवढंच काम.”

मग त्यांनी जुईकडे बघितलं. “आणि हे बाळ?”

“पत्र्याच्या शेडमध्ये झोळी बांधते. पण मला इथून दिसली पाहिजे.”

काकांनी एका लुगड्याची झोळी बांधली. मी जाळीतून दर थोड्या वेळाने बघायचे, छाती खालीवर होतेय ना. घरीही तेच करायचे. रात्री उठून तिच्या नाकापुढे बोट धरायचे. त्या वर्षात माझ्याशी जो बोलेल तो सल्लाच द्यायचा. अंगावर पाज, पाजू नको, टोपी घाल, टोपी काढ. केंद्रात कुणालाच बोलायची परवानगी नव्हती. ती जागा मला आवडली त्याचं खरं कारण हे होतं.

आम्ही सगळे एकसारखे मळकट झगे घालायचो, तोंडावर फडकं. दाणे बाहेरून नळीतून सोडायचो. पोपटांना नावं द्यायची नाहीत, हाही नियम होता. पायात रंगीत कड्या होत्या, त्यावरून ओळखायचं. पिवळी, लाल, दोन हिरव्या, अशा आणखी कितीतरी. आणि निळी.

निळ्या कडीच्या गळ्याला कंठ नव्हता, म्हणजे ती मादी. ती जत्रेतल्या एका ज्योतिष्याकडे भविष्याची पानं उचलायची. पिंजऱ्याचं दार उघडलं की बाहेर यायचं, मांडलेल्या पानांपैकी एक चोचीने ओढायचं, धन्याला द्यायचं, एक दाणा घ्यायचा, परत आत. असं किती वर्षं, कोण जाणे. आमच्याकडे आल्यावरही तिचं ते सुटेना. बाहेर रस्त्यावर कुणी खाकरलं तरी ती फांद्यांवरून पायपाय करत खाली उतरायची, जमिनीवरचं एखादं वाळकं पान उचलायची आणि जाळीपाशी येऊन उभी राहायची. चोचीत पान. डोळा आमच्यावर.

ते घ्यायचं नाही, अशी डॉक्टरांची ताकीद होती.

पहिल्यांदा ती माझ्यासमोर अशी उभी राहिली तेव्हा मी तोंड फिरवलं. ती दुसऱ्या बाजूने आली. मी पुन्हा फिरवलं. बाहेर येऊन काकांनी डोळे पुसले आणि म्हणाले, “आयला, ह्येच्यापेक्षा फुकट्या प्याशिंजरला खाली उतरवणं सोपं.”

आम्ही पान घेतलं नाही. आठवड्यामागून आठवडे घेतलं नाही. पाऊस सरला. पिसं झडली, कोवळी हिरवी कणसासारखी नवी पिसं फुटली. एकेक जण या टोकापासून त्या टोकाला उडायला लागला. आणि दिवाळीच्या आसपास एकदा मला आवरलंच नाही, मी मोठ्याने शिंकले. सगळे पोपट वरच्या वर उडाले, पार छताला जाऊन चिकटले. निळीसुद्धा. ती खाली आली नाही. तिने वरून एक कर्कश शिवी घातल्यासारखं केलं आणि पाठ फिरवली.

मी बाहेर पळाले. काका आणि मी शेडमध्ये नाचायचेच बाकी होतो. जुई टाळ्या पिटत होती, कशाला ते तिला ठाऊक नव्हतं.

“तिनं शिवी दिली, ताई! च्यायला, पक्की शिवी!”

“तुमच्याकडून शिकली असणार.”

“मी तोंड उघडलंय व्हय आत?”

डॉक्टरांनी तपासून सगळे उडण्यायोग्य आहेत असं लिहून दिलं. मार्गशीर्षात सोडायचे ठरले. तेव्हा रानातल्या पोपटांचे थवे मोठे असतात, शाळू निसवतो, म्हणजे कणसं बाहेर पडतात, आणि द्राक्षं अजून आंबट असतात. एकदा द्राक्षात साखर भरली की बागांवर जाळी पडतात, फटाके वाजतात. तेव्हा नव्याने सुटलेल्या पोपटाचं काही खरं नाही. सोडणं म्हणजे तरी काय? छताला एक झडप होती, ती दोरीने ओढून उघडायची आणि आपण निघून जायचं. कुणी थांबायचं नाही, कुणी टाळ्या वाजवायच्या नाहीत. ज्याला जेव्हा जायचं तेव्हा तो जाईल. चार दिवस वर दाणे ठेवायचे, हळूहळू बंद करायचे.

दोरीच्या टोकाला साखळी होती आणि साखळीला कुलूप. किल्ली हेमंतदादांकडे.

ते पेढे घेऊन आले. “ताई, घ्या. तोंड गोड करा. आपला कार्यक्रम ठरला!”

“कसला कार्यक्रम?”

“मुक्ती सोहळा. नानासाहेबांच्या एकसष्टीला. फेब्रुवारीत.” नानासाहेब म्हणजे आमच्या भागातले पुढारी, ज्यांच्याशिवाय पाण्याच्या टाकीलाही पाणी चढत नाही असे. “त्यांच्या हस्ते पोपट सोडायचे. टीव्हीवाले येणार आहेत. नानासाहेब केंद्राला गाडी देतायत, रुग्णवाहिका! पक्ष्यांची रुग्णवाहिका, जिल्ह्यात पहिली!”

“दादा, फेब्रुवारीत बागांना जाळी असतात. डॉक्टरांनी मार्गशीर्ष सांगितलाय.”

“अहो, एवढे महिने राहिलेत, अजून दोन राहिले तर काय उपाशी मरणारेत का?”

“ते उडायला तयार आहेत. तयार असताना कोंडून ठेवलं तर पुन्हा पिसं उपटतील.”

“ताई, रागावू नका.” त्यांनी पेढ्याचा बॉक्स माझ्यापुढे धरूनच ठेवला होता. “तुम्ही आता आई झालात ना, बायकांचं मन हळवं होतं त्या काळात. मी समजू शकतो. पण संस्था हळवेपणावर चालत नाही.”

मी पेढा घेतला नाही. त्यांनी तो जुईच्या हातात दिला. मी तिच्या हातातून काढून परत बॉक्समध्ये ठेवला. त्याचं त्यांना वाईट वाटलं, हे मला दिसलं. पोपटांचं वाटलं नाही.

डॉक्टर भांडल्या. वनखात्यात जाऊन आल्या. तिथले साहेबही एकसष्टीच्या स्वागत समितीत होते.

जानेवारीत जुईला ताप आला. साधा नव्हता, उतरेचना. मिरजेच्या दवाखान्यात ठेवलं, मग घरी आणून तीन आठवडे मी तिच्या उशापासून हलले नाही. ती हसायला लागली, भात खायला लागली, तेव्हा कुठे विश्वजित मला केंद्रावर सोडून गेला. तिला घेऊनच गेले. आईंपाशीसुद्धा ठेववेना.

शेडमध्ये कुणी नव्हतं. मी झगा चढवला, फडकं बांधलं, जुईला झोळीत ठेवून जाळीपाशी गेले.

आत निळी खाली बसली होती. मला बघून पायपाय करत आली. चोचीत पान नव्हतं. ती मान वाकडी करून, अगदी स्पष्ट, खणखणीत आवाजात म्हणाली,

“नानासाहेब आले!”

मी इकडेतिकडे बघितलं. खरंच वाटलं, कुणी तरी आलंय.

“नानासाहेब आले! नानासाहेब आले!” पिवळी कडी वरून बोलली, जरा बोबडी. मग एक हिरवी. मग सगळे खाली उतरले. ज्यांना आम्ही आम्हाला विसरायला लावलं होतं ते सगळे माझ्या तोंडासमोर जाळीला लटकले आणि दाणे मागायला लागले.

आवाज मात्र एकच होता सगळ्यांच्या नरड्यात. स्टँडवर गाडी लागली की येतो तसा. मी तो आवाज ओळखला.

गोदामाच्या बाजूला, शेडनेटच्या मागे, खताच्या पोत्यावर एक छोटा स्पीकर ठेवलेला सापडला. बंद होता. त्याच्या शेजारी सोललेल्या शेंगदाण्यांची पिशवी.

साळुंखे काका सायकल टेकवून आत आले तेव्हा मी तो स्पीकर हातात धरून उभी होते.

“काका, हा तुमचा आवाज आहे.”

त्यांनी टोपी काढली. “जुईचा ताप उतरला का?”

“हा तुमचा आवाज आहे!”

“दादा म्हनलं, कार्यक्रमात एक तरी बोलला पायजे. नानासाहेब गाडीतनं उतरलं की पोपटानं बोलायचं. मला म्हनलं, साळुंखे, तुमच्यासारखा आवाज पंचक्रोशीत न्हाई.” त्यांनी टोपीवरची धूळ झटकली. “ताई, वर्ष होत आलं, मी हितं मुकाट दाणं टाकतोय. घरी बी कोण बोलत न्हाई माझ्यासंगं. माझा आवाज कुणी मागितला हो पहिल्यांदा.”

“आणि तुम्ही दिलात.”

“रेकाडिंग केलं एकदाच. बाकी ती मशीन वाजवायची. मला वाटलं, दोन शब्दांनी काय व्हतंय?”

“निळीला विचारा काय होतं ते! तिला पान सोडवायला आपल्याला किती महिने लागले, काका? तुम्ही रडला होतात!”

ते खाली बसले. मी त्यांच्यावर ओरडत राहिले. शेडमध्ये जुई घाबरून रडायला लागली तेव्हा थांबले. मग स्पीकर घेऊन तशीच दुकानावर गेले. हेमंतदादा गिऱ्हाईकाला बुरशीनाशकाची बाटली दाखवत होते. मी स्पीकर काउंटरवर आपटला.

“हे काय आहे?”

“ताई, हळू. गिऱ्हाईक आहे.”

“असू दे. त्यांनाही कळू दे. जत्रेतला माणूस पोपटांकडून पानं काढून घेत होता, त्याला तुम्ही गुन्हेगार म्हणालात. तुमचा फोटो आला होता पेपरात. मग तुम्ही काय वेगळं केलंत?”

“काहीच्या काही काय बोलताय? तो पोटासाठी करायचा. आम्हाला यात एक पैसा सुटतो का?”

“तेच म्हणतेय मी. त्याला निदान पोट तरी होतं.”

त्या गिऱ्हाईकाला हसू आलं, ते त्याने खोकल्यात लपवलं. दादांचा चेहरा बदलला.

“हे बघा ताई. जागा माझी, जाळी माझी, लाईटबिल माझं. तुम्ही स्वयंसेविका आहात. पटत नसेल तर उद्यापासून येऊ नका. लेकरू आजारी आहे, घरी लक्ष द्या.”

घरी येऊन मी डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“उडण्यायोग्य आहेत असं मी लिहून दिलंय,” त्या म्हणाल्या. “ते मी मागे घेतलेलं नाही. यापेक्षा जास्त मी फोनवर बोलणार नाही.”

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, उजाडता उजाडता मी विश्वजितला उठवलं. त्याने सरळ शर्ट चढवला. जुईला कांबळ्यात गुंडाळून आम्ही निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षबागांवर पांढरी जाळी पसरलेली, धुक्यात तळी साठल्यासारखी दिसत होती.

मी कुलूप तोडायला घरातली हातोडी घेतली होती. तिची गरज पडली नाही. साळुंखे काका शेडच्या दारात बसले होते. त्यांनी न बोलता हात पुढे केला. हातात किल्ली होती.

“कुठून आणलीत?”

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

मी साखळी सोडली, दोरी ओढली. छताची झडप करकरत वर गेली. आम्ही तिघं शेडमध्ये जाऊन बसलो, जुई माझ्या मांडीवर. विश्वजित गाडीत थांबला.

बराच वेळ काही झालं नाही. मग उगवतीकडून रानातल्या पोपटांचा एक थवा ओरडत आला, आमच्या डोक्यावरून गेला. जाळीतल्या सगळ्यांनी एकदम माना वर केल्या. लाल कडी आधी गेली. झडपेच्या काठावर क्षणभर बसली आणि सरळ त्या आवाजामागे. मग दोघे एकदम. मग दुसरा थवा आला आणि चार-पाच त्याच्याबरोबर उचलल्यासारखे निघाले. पिवळी सगळ्यात जास्त बडबडायची. तीही गेली आणि जाताना माणसाचं काहीही बोलली नाही. टॅं टॅं करत, पोपटासारखी ओरडत गेली. काकांच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसत नव्हते.

शेवटी निळी राहिली. ती झडपेतून बाहेर आली, छतावर बसली, उन्हात एकेक पीस चोचीतून ओढून साफ करायला लागली. घाई नव्हती तिला. पंख पसरून बघत होती, मिटत होती. पुन्हा थवा येईल, ती जाईल. मला खात्री होती. फक्त थोडा वेळ हवा होता, आणि शांतता.

तेवढ्यात मांडववाल्यांचा टेम्पो आला.

आम्हाला वाटलं होतं ते दुपारी येतील. कमानीचे वासे आधीच गोदामापुढे रोवलेले होते. दोन माणसांनी कर्णे उतरवले, वायरी जोडल्या. मी जुईला कडेवर घेऊन पळत गेले.

“दादा, आवाज करू नका! थोडा वेळ! एक तास फक्त!”

“मशीन बघायला नको का, ताई? उद्या साहेब येणार.” त्याने माईक तोंडाला लावला. “हॅलो. हॅलो. एक, दोन, तीन. सन्माननीय नानासाहेबांचं, हॅलो, नानासाहेबांचं हार्दिक...”

छतावर निळीने मान वर केली.

मी माईकवर झडप घातली, पण कडेवर जुई होती, दुसऱ्या हाताने जेवढी घालता येते तेवढीच. त्याने माईक वर उचलला आणि हसला. “अहो ताई, वेड लागलं का?”

तोवर ती निघाली होती. मी तिला इतकं लांब उडताना कधी बघितलं नव्हतं. जाळीत तेवढी जागाच नव्हती. काय सुंदर उडाली ती. गोदामावरून एक मोठं वळण घेतलं, शेपूट पसरली आणि सरळ मांडवाच्या कमानीवर येऊन बसली. माईकच्या डोक्यावर.

“नानासाहेब आले!”

सगळे खदाखदा हसले. मोबाईल निघाले. रस्त्यावरून जाणारे थांबले. दुधाच्या किटल्या लावलेली एक मोटारसायकल थांबली. “आयला, ह्यो तर बोलतोय!” “परत म्हण, परत म्हण!” माईकवाला कर्ण्यातून ओरडला, “नानासाहेब आले!” आणि ती त्याला उत्तर देत, एकेक पाऊल टाकत बांबूवरून खाली यायला लागली. शिकवलं होतं तसं. आवाज केला की दाणा मिळतो.

मी ओरडले, “हात लावू नका तिला! हाकलून द्या! दगड मारा हवं तर, पण हात लावू नका!”

दगड मारा म्हणणारी बाई कोण, म्हणून लोक माझ्याकडे बघायला लागले. तेवढ्यात कुणाच्या तरी खांद्यावरचा टॉवेल पडला तिच्यावर. मला माणूस नीट दिसलासुद्धा नाही. पांढरी टोपी, मोटारसायकलवरच्या किटल्या, टॉवेलचं गुंडाळं शर्टाच्या आत. काका धावले, त्यांनी किटली धरली, फरपटले, पडले. मी जुईला छातीशी दाबून रस्त्यावर पळत होते आणि ती माझ्या कानाशी किंचाळत होती. विश्वजितने गाडी वळवेपर्यंत मोटारसायकल बागांमधल्या पाणंदीत शिरली होती. त्या पाणंदीला पुढे किती फाटे आहेत, ते आम्ही त्या दिवशी मोजले.

परत आलो तर माईकवाला वायरी गुंडाळत होता. मला म्हणाला, अगदी मनापासून, “सोडायलाच ठेवले होते ना, ताई? मग गेलाच की एक. कुणी तरी नेला.”

हेमंतदादा आले तेव्हा मी शेडमध्ये काकांच्या गुडघ्यावर हळद दाबत होते. ते उघडी झडप बघत उभे राहिले.

“उद्या मी नानासाहेबांना काय दाखवू?”

“रिकामा पिंजरा दाखवा. तेच तर काम होतं ना आपलं?”

“आणि ती एक चोरीला गेली, ती तुमच्यामुळे गेली, ताई. उद्या सोडली असती तर एवढ्या लोकांत कुणाची हिंमत झाली नसती.”

“उद्या सगळेच्या सगळे त्या माईकवर येऊन बसले असते, दादा. आज सगळे गेले. जी राहिली ती मला फसली नाही, तुमच्या शब्दांना फसली.”

काका जमिनीकडे बघत बोलले. “माझ्या आवाजाला.”

कार्यक्रम झालाच. बाजारातून पांढरी कबुतरं आणली. नानासाहेबांनी ती उडवली. दुसऱ्या दिवशी फोटो छापून आला, खाली लिहिलं होतं: पोपटांना मिळालं मुक्त आकाश. फोटोत कबुतरं होती. वाचणाऱ्या कुणालाही ते खटकलं नाही. रुग्णवाहिकाही मिळाली. दुकानाची औषधं पोचवते.

मी वनखात्यात तक्रार घेऊन गेले, तर तिथल्या साहेबांनी विचारलं, “एका पोपटासाठी?” मी दूध संकलन केंद्रांवर गेले. आई माझ्याबरोबर यायच्या. मास्तरीणबाई म्हणून गावोगाव त्यांना ओळखणारे होते. लोक चहा द्यायचे, मागच्या पडवीत पिंजरा लटकत असायचा, त्यात दुसराच कुणी तरी असायचा. तोही बघून यायचो. साळुंखे काका वारेपर्यंत एसटीने फिरत राहिले. निवृत्तांचा पास होता त्यांच्याकडे. प्रत्येक स्टँडवर उतरायचे आणि चौकशी करायचे.

मी हे आज लिहितेय ते कुणाला धडा शिकवायला नाही. हेमंतदादा आता मोठ्या पदावर आहेत, त्यांना याने काही होणार नाही. मी लिहितेय कारण सांभाळला तर पोपट वीस-पंचवीस वर्षं जगतो. म्हणजे ती आहे. कुठे तरी आहे. पायातली निळी कडी त्यांनी कापून टाकली असेल, कडी कापायला पक्कड पुरते. पंख पुन्हा छाटले असतील. पण शिकलेलं बोलणं काढून टाकता येत नाही. तिची तेवढीच खूण आता शिल्लक आहे, आणि ती तिची स्वतःची नाही.

तुम्ही कुणाच्या घरी वास्तुशांतीला जाल, बारशाला जाल, द्राक्षाच्या गोदामावर किंवा हॉटेलच्या काउंटरवर थांबाल. पिंजरा असेल. घरचे कौतुकाने म्हणतील, आमचा पोपट कुणीही आलं की ‘नानासाहेब आले’ म्हणतो, ऐका, मज्जा बघा. सगळे हसतील.

तुम्ही हसू नका. घरच्यांशी वाद घालू नका, ते पिंजरा लगेच आत नेतील. पोपट कोंडून ठेवणं गुन्हा आहे, त्याचा फोन वनखात्याला बाहेर येऊन करा, आणि एकाच साहेबाला करून थांबू नका. पण त्याआधी जरा जवळ जा, कुणाचं लक्ष नसताना, काही न बोलता. वाटीत पाणी आहे का, एवढं बघा.